डावीकडे लिपा, उजवीकडे चेस्टनट

२ सप्टेंबर

बाबांचं पाकीट आलं. शेवटचं!

पंचाहत्तरी झाली की सरकार पाकीट पाठवत नाही, आणि सात डिसेंबरला आमचे अंब्रोझ महाराज पंचाहत्तर पूर्ण करणार. दर दोन वर्षांनी येतं हे. आत दोन छोट्या नळ्या, नावाची लेबलं आणि परतीचं पाकीट. दोन वेगवेगळ्या दिवशी आपल्या शौचाचा कणभर नमुना घ्यायचा, नळीत घालायचा, लेबल लावून टपालात टाकायचा. आतड्याच्या कॅन्सरची चाहूल वेळेत लागते. तिकिटाचाही खर्च नाही. पण आजवर आलेली सात पाकिटं बाबा गिळून बसलेत. एका वर्षीच्या नळ्यांत तर त्यांनी आपल्या पाळीव मधमाश्यांच्या राणीसाठी साखरेचा पाक भरून ठेवला होता.

आज पाकीट हातात घेऊन, लांब धरून, म्हणाले, "चाळीस वर्षं मी या गावात टपाल वाटलं. असला माल कधी कुणाच्या दारात टाकला नाही."

३ सप्टेंबर

पाकीट गायब. शोधून पुन्हा टेबलावर ठेवलं.

४ सप्टेंबर

पुन्हा गायब. मधमाश्यांना धूर द्यायच्या धुराड्यात जाळलं की काय म्हणून तेही उघडून बघितलं. शेवटी ब्रेडच्या टोपलीखाली सापडलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस!

८ सप्टेंबर

रविवार. मधाची खोली साफ केली. बाबा नको नको म्हणत होते, म्हणून ते चर्चला गेल्यावर केली. फळीवर दोन बोटं धूळ. बरण्या सगळ्या खाली काढल्या, फळी धुतली, बरण्या परत मांडल्या. खोली कशी लख्ख दिसते आता.

बाबांच्या बरण्या तपकिरी काचेच्या. उजेडाने मध मरतो म्हणे. त्यामुळे आत काय आहे ते बाहेरून देवालाही कळत नाही. लिपाच्या झाडाच्या फुलांचा मध फिकट, गोड, पोरंही चाटून खातात. चेस्टनटचा काळपट आणि कडू, तो आवडायला वय व्हावं लागतं. लेबल मात्र गिऱ्हाईक दारात आल्यावरच लावायचं, हा त्यांचा शिरस्ता. आधी लावलं तर गोंद वाळतो म्हणे.

आल्यावर खोली बघितली आणि तोंड फुगवून बसले. "माशीची पेटी कधी हलवू नये, येर्ना. हात-दोन हात सरकवली तरी माशी जुन्याच जागी येते आणि भलत्या घरात शिरते."

मी म्हटलं, "बाबा, या बरण्या आहेत, माश्या नाहीत."

१९ सप्टेंबर

ऑफिसात तक्ता पुरा झाला. स्लोव्हेनियातले वीस वर्षांतले टाळता येण्याजोगे मृत्यू. म्हणजे पंचाहत्तरीच्या आत गेलेली अशी माणसं, जी वेळेवर उपचार झाले असते किंवा मुळात जरा जपलं असतं तर गेली नसती. सिगारेट, दारू, उलटलेले ट्रॅक्टर, उशिरा कळलेले आजार. रेषा खाली येते आहे. मध्ये साथीच्या वर्षांत उंटाच्या मदारीसारखी वर गेली, मग पुन्हा उतार. गोराझ्द साहेब खूश. रेषेवर बोट फिरवत म्हणाले, "येर्नेया, इथे पोरांसाठी घसरगुंडी होईल."

मग गंभीर होऊन म्हणाले, "पूर्वेकडचे पुरुष मात्र अजून ऐकत नाहीत."

"पूर्वेकडे कशाला जायचं," मी म्हटलं, "माझ्या घरात एक आहे."

अहवाल नोव्हेंबरअखेर द्यायचा आहे. या रेषेचा प्रत्येक ठिपका मी स्वतः मोजलाय. एका ठिपक्यात आई आहे. एकसष्टाव्या वर्षी गेली, हाच आजार. ती गेली आणि तीन वर्षांनी ही पाकिटं यायला लागली. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

२० सप्टेंबर

रात्रीच्या जेवणाला बाबांना तक्ता समजावून सांगितला. चूकच झाली.

"म्हणजे पंचाहत्तरीनंतर मेलो तर मी तुझ्या तक्त्यात नाही?"

"नाही."

"काहीही होऊन मेलो तरी?"

"काहीही."

"म्हणजे सात डिसेंबरपासून मला मरायला सरकारची परवानगी आहे." सूप संपवलं, मिशी पुसली. "तोवर थांबतो की. तुझी रेषा माझ्यामुळे बिघडायला नको."

हसू आलं आणि रागही आला. उठून भांडी घासली.

२६ सप्टेंबर

शेजारच्या झोफकामावशी बरणी परत घेऊन आल्या. "अंब्रोझ, लेबल लिपाचं आणि आत चेस्टनट. माझा चहा कडूजहर झाला."

बाबा: "झोफका, तुझी जीभच कडू आहे. मधाचा काय दोष?"

मावशींनीही सोडलं नाही. आमच्या पेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर जुनी चित्रं रंगवलेली आहेत. एकावर दोन सैतान एका बाईच्या जिभेला सहाणेवर धार लावतायत. मावशी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिथे मिशीवाला बाप्या काढ. धार कुणाच्या जिभेला आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

बरणी बदलून नेली. बाबा दिवसभर घुश्शात पुटपुटतायत. चाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, आणि ही बाई मला लेबलं शिकवते!

२९ सप्टेंबर

आज माझं बिंग फुटलं.

बाबा टेबलक्लॉथ शोधायला माझ्या खणात गेले आणि दोन पाकिटं हातात घेऊन बाहेर आले. माझी. एक पन्नाशी गाठल्यावर पहिल्यांदा आलेलं, एक यंदाचं. दोन्ही बंद.

पाकिटं माझ्या ताटाशेजारी ठेवली, सुरी-काट्यासारखी नीट ओळीत. मग म्हणाले, "ऑफिसात तू नक्की काय मोजतेस म्हणालीस?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान! वेळ मिळाला नाही, म्हटलं. खरं ते नाही. खरं हे की आईचं पाकीट कधी आलंच नाही, आणि माझं उघडलं की मला तिची शेवटची खोली दिसते. हे मी बापाला सांगू शकत नाही. इथे लिहिते.

शेवटी सौदा ठरला. "तू तुझं कर, मी माझं करतो. एकाच दिवशी टपालात. त्याआधी कुणी पळायचं नाही."

आठवं पाकीट, आणि बाबा तयार! खोटं वाटेल म्हणून तारखेखाली रेघ मारून ठेवते.

६ ऑक्टोबर

कार्यक्रम सुरू. याहून जास्त लिहीत नाही. बाथरूमच्या फळीवर दोन पिशव्या, दोघांच्या एकसारख्या. बाबांनी नियम घातला: त्यांची डावीकडे, माझी उजवीकडे. पोस्टातल्या खणांसारखं. लेबलं दोन्ही नमुने झाल्यावर तेच लावणार. "तू घाईत वाकडी लावशील. ते माझं काम."

७ ऑक्टोबर

दुसरे नमुनेही झाले. बस चुकायची होती, तरी फळीचा अवतार बघवेना. पिशव्या उचलल्या, फिनेल मारलं, पिशव्या ठेवल्या, धावले. संध्याकाळी आले तर पाकिटं रवाना. बाबा स्वतः चालत जाऊन टाकून आले. खिडकीवरच्या पोरीने विचारलं म्हणे, "आत काय आहे, अंब्रोझकाका?" तर हे म्हणाले, "घरचंच आहे. भेसळ नाही."

२१ ऑक्टोबर

दोन पत्रं आली. माझ्यात काही आढळलं नाही.

बाबांच्यात रक्त आढळलं. आतड्यात दुर्बीण घालून पुढची तपासणी करा म्हणतात.

२२ ऑक्टोबर

झोप नाही. सकाळी खिडकीतून बघितलं, बाबा पेट्यांसमोर उभे. हात मागे बांधलेले. घरातलं माणूस गेलं की प्रत्येक पेटीवर टकटक करून माश्यांना सांगायचं असतं, नाहीतर त्याही जातात म्हणतात. आई गेली तेव्हा बाबांनी बावीस पेट्या वाजवल्या होत्या, एकेक करून. मी ते ऐकलं होतं.

आज वाजवलं नाही. नुसते उभे होते.

न्याहारीला म्हणाले, "तुझी रेषा बिघडवली शेवटी." मी रडले. ते पण जरा ओशाळले, आणि माझ्या ब्रेडला लोणी लावून दिलं, जे त्यांनी मी शाळेत असल्यापासून केलेलं नाही.

१ नोव्हेंबर

गेलेल्यांची आठवण काढायचा दिवस. आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या. सगळं गाव तिथे. झोफकामावशींनी बाबांचा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही टोमणा मारला नाही. त्यामुळे बाबा जास्तच घाबरले.

परत येताना मला म्हणाले, "आत जायच्या आधी मला गुंगी देणार का?"

"हवी तर देतील."

"आणि तू?"

"मी दाराबाहेर बाकावर. तुम्ही बाहेर येईपर्यंत हलणार नाही."

५ नोव्हेंबर

उद्या तपासणी. आज पोट रिकामं करायचं औषध, लिटरच्या लिटर. पहिला ग्लास घेऊन बाबा म्हणाले, "मार्टिनचा सण सहा दिवसांवर, सगळ्या देशात नव्या वाइनची पिंपं उघडायची, आणि मी हे पितोय." तिसऱ्या ग्लासानंतर संवाद बंद दाराआडून झाला. "येर्ना, त्या तक्त्यात औषधाने मेलेल्यांचा रकाना आहे का?"

६ नोव्हेंबर

स्वच्छ! काहीच नाही. गाठ नाही, कोंब नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतडं पन्नाशीतल्या माणसाचं वाटतं. मग रक्त कुठून आलं? कधी कधी असं होतं, त्या म्हणाल्या. चाचणी ही चाहूल असते, पुरावा नाही.

मी बाकावर अडीच तास बसले होते. बाहेर आल्यावर बाबांना गच्च मिठी मारली. ते गुंगीत होते, मला "मार्येता" म्हणाले. आईचं नाव. दुरुस्त केलं नाही.

११ नोव्हेंबर

मार्टिनचा सण. बाबांनी हंसाची तंगडी, लाल कोबी आणि नवी वाइन असा समाचार घेतला, आणि अख्ख्या पंगतीला सांगितलं की आपलं आतडं पन्नाशीतलं आहे. झोफकामावशी म्हणाल्या, "अक्कल मात्र पाचवीतली राहिली." म्हणजे सगळं पूर्ववत झालं. मला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

गोराझ्द साहेबांना अहवालाचा मसुदा दिला. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य माझ्या पदरचं घातलं होतं — पाकीट खणात ठेवल्याने मृत्यू टळत नाही. साहेबांनी खोडलं. "सरकारी अहवाल आहे, येर्नेया, सासूबाईंचं पत्र नव्हे."

१५ नोव्हेंबर

नोव्हेंबरातला तिसरा शुक्रवार. आज देशभरच्या शाळांत, बालवाड्यांत मधाची न्याहारी. आमच्या गावच्या बालवाडीला मध बाबांचा, गेली कित्येक वर्षं. मी रजा टाकून बरण्या उचलायला गेले. बाबांनी निघताना चार बरण्यांना लेबलं लावली. लिपा, लिपा, लिपा, लिपा. पोरांना दुसरं चालत नाही.

ब्रेड, लोणी, दूध, सफरचंद, मध. वीस पोरं ओळीत. बाबा पिवळी टोपी घालून मधमाशीची गोष्ट सांगतायत. पहिल्या मुलीने घास घेतला, चावायची थांबली. दुसऱ्याने सरळ ताटात थुंकला. मग काय, साथच पसरली! वीस तोंडं वाकडी. एक चार वर्षांचा ठोंब्या बाबांना म्हणाला, "काका, माश्या आजारी आहेत का?"

मी बोट घालून चाटलं. चेस्टनट. चारही बरण्या.

बाईंनी जॅम काढला. बाबा एका छोट्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला. झोफकामावशींच्या तक्रारीचा दोष त्यांनी मावशींच्या जिभेवर ढकलला होता. पोरं खोटं थुंकत नाहीत.

घरी येताना अर्ध्या वाटेत म्हणाले, "मला लेबलावरचं वाचता येत नाही, येर्ना. वसंतापासून. दुधातून बघितल्यासारखं दिसतं."

"मग लावता कसं?"

"जागेवरून. डावीकडे लिपा, उजवीकडे चेस्टनट. चाळीस वर्षं तसंच आहे."

आणि सप्टेंबरात फळी धुऊन बरण्या उलट्या बाजूंना मांडल्या कुणी? मी. हसायला आलं, बाबाही हसले. आम्ही दोघं रस्त्यात थांबून हसत होतो. वेडा म्हातारा. मोतीबिंदूच असणार. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावायचा.

१६ नोव्हेंबर

आज मधाच्या खोलीत बसून एकेक बरणी चाखली. मी चाखायची, बाबांना सांगायची, लेबलावर मीच लिहायचं. दुपारपर्यंत जीभ बधिर. उजवीकडच्या सगळ्या बरण्या लिपाच्या निघाल्या.

बाबा आज गप्प होते. मला वाटलं, पोरांचं मनाला लागलं असेल. एकदा मध्येच म्हणाले, "तू बाकीही कुठल्या फळ्या पुसतेस का गं?" मी म्हटलं, घरातल्या सगळ्याच, तुम्ही कधी पुसताय? त्यावर त्यांनी पुढची बरणी माझ्याकडे सरकवली.

१७ नोव्हेंबर

सकाळी खाली आले तर बाबा चर्चचा कोट घालून स्वयंपाकघरात. चर्चला तीन तास अवकाश. समोर आमची दोघांची निकालाची पत्रं शेजारीशेजारी, आणि वर झोफकामावशींचं भिंग.

"नळ्या टपालात टाकल्या त्या दिवशी," ते म्हणाले, "सकाळी तू बाथरूमची फळी पुसलीस?"

पुसली होती. पिशव्या उचलल्या होत्या, ठेवल्या होत्या. कुठली कुठे ठेवली, आठवत नाही. मी खुर्ची ओढून बसले.

बाबांनी त्यांचं पत्र, रक्त आढळलेलं, सरकवून माझ्यासमोर ठेवलं. "उद्या सातला फोन लाव. मी येतो बरोबर. दाराबाहेरच्या बाकावर बसतो, तू बाहेर येईपर्यंत हलणार नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि एक सांगून ठेवतो. तुझ्यासाठी मी पेट्या वाजवणार नाही."